पलंगाखालचा चाकांचा साठवण-डबा: दीर्घकालीन बेगमीसाठी कितपत उपयोगी?

घरात दीर्घकाळ टिकणाऱ्या अन्नाचा साठा करायचा म्हटले की पहिला प्रश्न जागेचा येतो. स्वयंपाकघरातली फडताळे रोजच्या वस्तूंनी भरलेली असतात, स्वतंत्र कोठीघर फार थोड्यांच्या नशिबी असते, आणि घरात जी जागा रिकामी दिसते ती बहुधा अन्नासाठी अयोग्य म्हणूनच रिकामी राहिलेली असते. पलंगाखाली सरकवता येणारे, चाके लावलेले, झाकणाचे बसके प्लास्टिकचे डबे नेमकी हीच अडचण सोडवतात असे सांगून विकले जातात. धान्य, कडधान्ये, साखर आणि मीठ यांच्या साठ्यासाठी मी हे डबे बराच काळ वापरत आहे. एकाच घडणीचे डबे निरनिराळ्या नावांनी मिळत असल्याने हे परीक्षण कोणा एका उत्पादकाचे नसून त्या घडणीचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. पलंगाखालची जागा उत्तम आहे आणि हा डबाही घेण्याजोगा आहे. मात्र ज्या हवाबंदपणाची त्याच्यावर मोठ्या अक्षरांत जाहिरात केलेली असते तो त्याच्यात जवळजवळ नाही. त्याचा खरा गुण असा की भरलेला असतानाही तो ओढला की सहज बाहेर येतो. या गुणाचा उल्लेख त्याच्या वेष्टनावर कुठेही सापडत नाही.

डबा कितीही चांगला असला तरी चुकीच्या जागी ठेवलेले अन्न तो वाचवू शकत नाही, म्हणून आधी जागेविषयी लिहिणे आवश्यक आहे. साठवलेल्या अन्नाला उष्णता, ओल, प्रकाश, हवेतला ऑक्सिजन आणि कीड या पाच गोष्टींपासून जपावे लागते. यांतल्या बाकी चार गोष्टी योग्य वेष्टनाने अडवता येतात, पण उष्णता वेष्टनाला जुमानत नाही. ती केवळ जागा नीट निवडूनच टाळता येते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि खवटपणा येणे, रंग काळवंडणे, जीवनसत्त्वे नष्ट होणे या सगळ्या रासायनिक क्रियाच आहेत. त्यामुळे २० अंशांच्या जागी जो माल टिकतो, त्याच मालाचे आयुष्य ३० अंशांच्या जागी निम्म्यावर येते, असे ढोबळमानाने धरायला हरकत नाही. जागा शोधताना ‘इथे किती मावेल’ या प्रश्नाच्या आधी ‘इथे किती तापते’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

या कसोटीवर माळा सर्वांत आधी बाद होतो. गरम हवा वर चढते आणि छताची उष्णताही वरूनच उतरते, त्यामुळे माळा हा बहुधा घरातला सर्वांत उष्ण कोपरा असतो. शिवाय तिथे चढवलेली जड पोती खाली काढण्याचे कष्ट कोणी वारंवार घेत नाही. शेगडीच्या वरचे कपाट आणि फ्रिजच्या माथ्यावरची किंवा मागची जागा, दोन्ही सतत उबदार असतात. सिंकच्या खाली नळ्यांना घाम सुटतो आणि गळती झाली तर ती पहिल्यांदा साठ्याच्याच लक्षात येते. गच्ची, सज्जा किंवा वाहन ठेवण्याची जागा दिवसा तापते आणि रात्री निवते, आणि हा चढउतार स्थिर उष्णतेहूनही वेगळ्या प्रकारे घातक असतो, कारण धान्यातली ओल उबदार बाजूकडून थंड बाजूकडे सरकते आणि तिथे साचते. एरवी कोरड्या असलेल्या पोत्यात एकाच कडेला बुरशीचा गठ्ठा सापडतो तो यामुळेच. जिन्याखालची बंद जागा मात्र, तिची भिंत बाहेरची नसेल तर, चांगली ठरते. तशीच कपड्यांच्या कपाटाच्या तळाची जागाही.

पलंगाखालच्या जागेत हे सगळे गुण एकत्र येतात. ती जमिनीलगत असल्याने खोलीतल्या इतर उंचीपेक्षा थंड असते, तिच्यावर थेट प्रकाश पडत नाही, झोपण्याच्या खोलीत स्वयंपाकाची वाफ नसते, आणि ती जागा एरवी कोणत्याही कामाला येत नाही. पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटलेला असेल तर तो तळहाताएवढा पुढे ओढून मागून हवा खेळती ठेवावी. एक काळजी आणखी घ्यावी लागते. फरशी थेट जमिनीवर टाकलेली असेल तर तिच्यातून ओल वर येते, आणि तिला टेकून ठेवलेल्या कोणत्याही पिशवीला ती लागते. चाकांमुळे डब्याचा तळ फरशीपासून दोनेक सेंटीमीटर उचललेला राहतो आणि खालून हवा फिरते. ही चाके प्रवासासाठी दिलेली असली तरी ओलीपासूनही तीच राखण करतात.

विकत घेण्यापूर्वी मोजमाप करताना बहुतेक जण पलंगाच्या कडेची उंची मोजतात, पण डबा अडतो तो आतल्या आडव्या पट्टीला किंवा मधल्या पायाला. मोजपट्टी घेऊन आडवे होऊन सर्वांत खालच्या लाकडापासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यावे, त्यातून दोन सेंटीमीटर वजा करावेत आणि मग चाकांसह उंची पाहूनच डबा निवडावा. गादी उचलून उघडायचा बॉक्सचा पलंग ज्यांच्याकडे आहे त्यांना हा डबा लागणार नाही. पण त्या पलंगाच्या पोटात हवा खेळत नाही, आणि आतले काही काढायचे तर अंथरूण-पांघरुणासह सगळे हलवावे लागते, म्हणून अन्नासाठी मी त्याची शिफारस करणार नाही.

आता डबा. मी वापरत असलेला डबा साधारण ८० सेंटीमीटर लांब, ४० सेंटीमीटर रुंद आणि चाकांसह १७ सेंटीमीटर उंच आहे. बाहेरच्या मापांचा गुणाकार केला तर ५४ लिटर येतात, वेष्टनावर ४२ लिटर लिहिलेले असते, आणि प्रत्यक्षात पिशव्यांत भरलेले धान्य त्यात ठेवले तर ३२ ते ३४ लिटरच मावते, कारण डब्याच्या भिंती खाली निमुळत्या होत जातात आणि पिशव्यांच्या कोपऱ्यांमध्ये पोकळ्या राहतात. खरेदीचा हिशेब या शेवटच्या आकड्यावर करावा. तांदूळ किंवा गहू लिटरला साधारण ०.८ किलो भरतो, म्हणजे एका डब्यात २६ किलोंच्या आसपास धान्य राहते. मीठ याहून बरेच जड असते आणि पीठ बरेच हलके. २६ किलो हे वजन उचलण्याच्या दृष्टीने बहुतेकांना नको वाटणारे आहे, पण चाकांवरून ओढण्याच्या दृष्टीने ते काहीच नाही, आणि या उत्पादनाची सगळी उपयुक्तता या एका फरकात आहे. जो साठा बाहेर काढणे अवघड असते तो बाहेर काढला जात नाही, आणि जो बाहेर काढला जात नाही तो वापरला जात नाही, तपासला जात नाही आणि शेवटी फेकला जातो. जाड भिंतींचे, कड्यांचे, अधिक मजबूत पण चाके नसलेले डबेही मी वापरून पाहिले आहेत. ते भिंतीकडे ढकलले गेले की तिथेच राहिले.

हवाबंदपणाबाबत मात्र तक्रार केलीच पाहिजे. या डब्यांची झाकणे दोन प्रकारची येतात. पहिल्या प्रकारात झाकण मध्ये दुमडते आणि दोन अर्ध्या भागांत उघडते, त्यामुळे डबा अर्धाच बाहेर ओढूनही आतले काढता येते. ही सोय उत्तम आहे, परंतु रबराची पट्टी फक्त चारही कडांना असते आणि दोन अर्धे भाग जिथे एकमेकांना भेटतात त्या सांध्यावर काहीच नसते. डबा उजेडात धरून आतून पाहिले तर त्या सांध्यातून प्रकाशाची बारीक रेघ सरळ दिसते. दुसऱ्या प्रकारात झाकण अखंड असते आणि चार कोपऱ्यांवर कड्या असतात; इथे सांधा नसतो, पण ८० सेंटीमीटर लांबीचे पातळ प्लास्टिक मध्यभागी किंचित वर फुगते आणि तिथे रबर कडेला टेकत नाही. हे तपासण्याची रीत अगदी सोपी आहे. कागदाची एक पट्टी कडेवर ठेवून झाकण लावावे आणि पट्टी ओढावी: कोपऱ्याजवळ ती अडकते आणि मध्यभागी अलगद निसटते. मी आणखी एक पाहिले. रिकाम्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या कोरड्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र ठेवून झाकण लावले, तेव्हा आतला आकडा आधी भरभर खाली गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खोलीतल्या आकड्याच्या जवळ परत आला. हवाबंद डब्यात असे होत नाही.

हा दोष ऐकून डबा नाकारण्याचे कारण नाही, कारण दीर्घकालीन साठ्यात हवा अडवण्याचे काम डब्यावर सोपवायचेच नसते. प्लास्टिकचा डबा, मग तो कितीही घट्ट बसणाऱ्या झाकणाचा असो, वर्षानुवर्षांच्या हिशेबाने ऑक्सिजन हळूहळू आत येऊ देतोच. ते काम आतल्या पिशवीचे आहे: बाहेर पॉलिएस्टर, मध्ये अॅल्युमिनियमचा थर आणि आत उष्णतेने वितळून चिकटणारे पॉलिथीन, अशा तीन थरांची जाड पिशवी. डब्याने पिशव्यांना टोचण्यापासून, चेंगरण्यापासून आणि धुळीपासून वाचवावे आणि त्यांना सरकवत आणावे, इतकेच. म्हणून उत्पादकांनी ‘हवाबंद’ हा शब्द काढून टाकावा असे मला मनापासून वाटते. त्या शब्दावर विश्वास ठेवून कोणी सुटे धान्य थेट डब्यात ओतले, तर दमट हंगामात कुबट वासाखेरीज त्याच्या हाती काही लागणार नाही.

पिशव्या मोठ्या घेण्याचा मोह टाळावा. चार लिटरच्या आसपासच्या पिशवीत तीन किलोंहून थोडे अधिक धान्य बसते, ती उघडल्यावर लवकर संपते, आणि या बसक्या डब्यात आडवी ठेवली की सपाट राहते. पिशवीत टाकायच्या ऑक्सिजन शोषक पुडीचे प्रमाणही यावरून काढता येते. भरलेल्या धान्याच्या दाण्यांमध्ये सुमारे ४० टक्के जागा हवेची असते, म्हणजे चार लिटरच्या पिशवीत दीड लिटरहून थोडी जास्त हवा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असल्याने तो ३४० घन सेंटीमीटरच्या आसपास भरतो. म्हणून या मापाच्या पिशवीला ४०० ते ५०० घन सेंटीमीटर क्षमतेची पुडी पुरते. पुडीत लोखंडाची भुकटी असते. ती गंजताना ऑक्सिजन ओढून घेते, म्हणून काम सुरू झालेली पुडी तळहातावर कोमट लागते. काम संपलेली पुडी आतून घट्ट, ढेकळासारखी लागते आणि ती वापरण्यात अर्थ नसतो. पुड्यांचे पाकीट फोडल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या आत सगळ्या पिशव्या सील करून होतील अशी तयारी आधी करून ठेवावी, आणि उरलेल्या पुड्या लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत टाकाव्यात. सील साध्या इस्त्रीने होते. तोंडाच्या कडेला धान्याची धूळ राहिली तर मात्र ती चिकटत नाही, म्हणून कोरड्या फडक्याने कड आधी पुसून घ्यावी. एक-दोन दिवसांनी पिशवी आत ओढली गेलेली दिसते आणि बोट फिरवले तर एकेक दाणा बाहेरून जाणवतो. हवेचा एक पंचमांश भागच नाहीसा होत असल्याने प्रत्येक पिशवी अशी आवळलेली दिसेलच असे नाही; सैल दिसणारी प्रत्येक पिशवी फसलेली असते असे समजू नये.

काय साठवायचे हे ठरवताना ओल आणि तेल या दोन गोष्टी पाहाव्यात. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ, अखंड गहू आणि कोरडी कडधान्ये ऑक्सिजन काढून थंड जागी ठेवली तर २५ ते ३० वर्षांपर्यंत टिकतात असे धरले जाते. कडधान्ये खाण्यायोग्य राहिली तरी जुनी झाली की शिजायला फार वेळ घेतात, आणि उष्ण, दमट जागी हा कडकपणा लवकर येतो. उलट, कोंड्यासह तांदळात आणि संपूर्ण गव्हाच्या पिठात तेलाचा अंश असतो, ते काही महिन्यांतच खवट होऊ लागतात. सुकामेवा आणि तेलबियाही याच गटातल्या. त्यांची जागा या डब्यात नाही. साखर आणि मीठ यांना ऑक्सिजन शोषक पुडी लावू नये: त्यांची तशीही गरज नसते आणि साखरेचा दगड होतो. सर्वांत गंभीर सूचना ओलीविषयी आहे. ज्या अन्नात ओल १० टक्क्यांहून जास्त आहे ते ऑक्सिजन काढून सीलबंद करू नये, कारण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू ओलसर आणि ऑक्सिजनरहित अन्नातच वाढतो आणि त्याचे विष प्राणघातक असते. ऑक्सिजन शोषक पुडी ओल शोषत नाही. ते काम सिलिका जेलचे आहे, आणि या दोन पुड्यांची गल्लत करू नये.

किडीच्या बाबतीत डब्याचा उपयोग मर्यादित आहे. टोके बाहेरून येण्याआधी बहुधा दाण्यातच असतात, कारण मादी दाण्याला छिद्र पाडून आत अंडे घालते आणि छिद्र बुजवून टाकते. धान्य कितीही चाळले, निवडले तरी ते दिसत नाही. सीलबंद पिशवीत ऑक्सिजन संपला की साधारण दोन आठवड्यांत कीड मरते. ज्यांच्याकडे फ्रीझरमध्ये जागा आहे त्यांनी धान्य आधी उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवले तर अधिक चांगले, मात्र बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर हवेतली वाफ थेट दाण्यांवर जमते. उंदीर हा वेगळा प्रश्न आहे. घरातला उंदीर ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येऊ शकतो आणि या डब्याचे प्लास्टिक कुरतडणे त्याला अवघड नाही. घरात उंदरांचा वावर असेल तर हा डबा घेऊ नये, पत्र्याचा घ्यावा.

पारदर्शक भिंती हा विक्रेत्यांचा आवडता मुद्दा आहे, पण आतल्या पिशव्या चंदेरी आणि एकसारख्या असल्याने पारदर्शकतेतून काहीच कळत नाही. चिठ्ठी लावावी लागते, आणि ती झाकणावर नव्हे तर बाहेर येणाऱ्या आखूड बाजूवर लावावी, कारण झाकण पलंगाखालीच राहते. तीवर पदार्थ, वजन आणि भरल्याचा महिना-वर्ष एवढे पुरते. नव्या पिशव्या भिंतीकडच्या टोकाला आणि जुन्या बाहेरच्या टोकाला ठेवल्या की वापरताना जुनीच हाताला लागते. अर्ध्या उघडणाऱ्या झाकणाचा इथे फार उपयोग होतो, आणि सांध्याचा दोष माहीत असूनही मी दोन प्रकारांतून तोच निवडते.

चाकांबद्दल शेवटचे. चारही चाके एकाच दिशेने फिरणारी आहेत, त्यामुळे डबा सरळ बाहेर येतो पण आडवा वळत नाही. पलंगासमोर डब्याच्या पूर्ण लांबीएवढी मोकळी जागा नसेल तर तो लांबीने नव्हे तर रुंदीने बाहेर येणारा प्रकार शोधावा. गुळगुळीत फरशीवर भरलेला डबा विनासायास चालतो, सतरंजीवर किंवा जाड गालिच्यावर तो रुततो. चाकाची दांडी प्लास्टिकच्या खाचेत नुसती दाबून बसवलेली असते आणि वजन २५ किलोंच्या पुढे गेले की ती खाच हळूहळू ताणते. माझ्या एका डब्याचे मागचे चाक यामुळे तिरके झाले आहे, आणि सुटे चाक मिळत नाही असे विक्रेत्याने सांगितले. उत्पादकांनी ही खाच जाड करावी, चाके सुटी विकावीत आणि दुमडणाऱ्या झाकणाच्या सांध्यावर रबराची एक पट्टी द्यावी. तोपर्यंत एका डब्यात २० किलोंहून जास्त भरू नये आणि जड मीठ सगळे एकाच डब्यात न ठेवता दोन-तीन डब्यांत विभागून ठेवावे.